जुनी घेऊ की नवी? स्पोर्ट्स कारवाल्यांचे प्रश्न

या वेळी आलेल्या प्रश्नांत निम्म्याहून जास्त जणांना एकच गोष्ट विचारायची आहे, जुनी स्पोर्ट्स कार घ्यावी की नवी. गाडी प्रत्येकाची वेगळी, रस्ते वेगळे, म्हणून उत्तरंही वेगळी देतोय. काही प्रश्न लांबलचक होते, ते थोडे छाटलेत.

प्रश्न : सेकंडहँड पोर्शे बॉक्स्टर घ्यायचं ठरलंय. साधारण सारख्याच किमतीत दोन गाड्या दिसतायत. एक २०१३ ची, २.७ लिटर सहा सिलेंडर, कमी चाललेली. दुसरी २०१८ ची ७१८, टर्बोवाली. मित्र म्हणतात नवी घे, माझं मन जुनीत अडकलंय, बायको म्हणते दोन्ही नको. (कोथरूड, पुणे)

कागदावर बघितलं तर भांडण कधीच मिटलंय. जुनीचे २६५ हॉर्सपॉवर, ७१८ चे ३००. टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, २८० न्यूटन मीटर आणि ३८०. आणि खरा फरक पुढे आहे, ७१८ चा तो सगळा टॉर्क १९५० आरपीएमलाच (इंजिनाचे मिनिटाला फेरे) हजर असतो, जुनीत त्यासाठी ४५०० पर्यंत चढावं लागतं. शून्य ते शंभर ७१८ ऑटोमॅटिक पाच सेकंदांच्या आत करते, जुनी साडेपाचच्या पुढे.

आता हे आकडे घेऊन ताम्हिणीत जाऊ. तिथे तुम्ही ४० ते ९० च्या मध्ये असता, त्याच्या वर जायचं कारणही नाही आणि जाऊही नये, समोरून एसटी कधी येईल सांगता येत नाही. ७१८ मध्ये पाय जरा दाबला की हा सगळा पट्टा दोन श्वासांत संपतो आणि तुम्ही परत ब्रेकवर. जुनीत तेच करायला इंजिन वर न्यावं लागतं, आवाज बदलत जातो, गियर तुम्ही निवडता, थोडा उशीर लागतो आणि त्या उशिरातच तर सगळी गंमत आहे. दुसऱ्या गियरला रेडलाइनपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांच्या मर्यादेपर्यंत, नेली तर शंभरच्या वर जाते, म्हणजे एक्सप्रेसवेची लिमिट दुसऱ्या गियरमध्येच संपली, पुढचे गियर फक्त पेट्रोल वाचवायला. मग जास्त पॉवर विकत घेऊन वापरणार कुठे हा प्रश्न उरतोच. माझं मोजमाप सोपं आहे, आपल्या रस्त्यावर, आपल्या लिमिटमध्ये मजा किती वेळ टिकते ते बघायचं. त्यात २०१३ ची पुढे आहे. आवाजाचं तर बोलायलाच नको, ७१८ च्या चार सिलेंडरवर जगभरचे मालक इतके कुरकुरले की २०२० मध्ये कंपनीने ४ लिटरचं सहा सिलेंडर इंजिन ७१८ च्या महागड्या जीटीएसमध्ये परत आणलं.

पण थांबा, लगेच टोकन देऊ नका. हीच गाडी रोज हिंजवडीला नेणार असाल तर उत्तर उलटं होतं. बंपर टू बंपर ट्रॅफिकमध्ये खालचा टॉर्कच कामाला येतो, आणि पाच वर्षांनी नवी गाडी म्हणजे रबर, सील, सेन्सर सगळं पाच वर्षांनी ताजं. जुनी घेणाऱ्याकडे दुसरी एक साधी गाडी असलीच पाहिजे, नाहीतर स्पोर्ट्स कारचा राग यायला वेळ लागत नाही.

कागदांचं बघा. २०१३ ची गाडी २०२८ ला पंधरा वर्षांची होणार. आपल्याकडे महाराष्ट्रात दिल्लीसारखी वयावरून बंदीची भानगड नाहीये पण रजिस्ट्रेशन रिन्यू करावं लागतं, फिटनेस दाखवायची, पर्यावरण कर भरायचा, आणि २०२२ पासून इम्पोर्टेड चारचाकीची नुसती रिन्यूअल फीच ४०,००० रुपये झालीये. साध्या गाडीला तीच ५,००० आहे. पुढे दर पाच वर्षांनी पुन्हा रिन्यूअल, आणि २०२५ पासून वीस वर्षांवरच्या गाडीला फी दुप्पट. गाडी दिल्लीची असेल तर किंमत कमी दिसेल, पण एनओसी आणून इथला टॅक्स भरला की ती स्वस्ताई बरीचशी गेलेली असते. इन्शुरन्समध्ये पाच वर्षांवरच्या गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्याला धरलेली किंमत, तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवता, तेव्हा एजंटने टाकलेला आकडा मुकाट्याने घेऊ नका.

पेट्रोलचंही एक आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं मिळतं आणि तुमच्या दोन्ही गाड्या त्याच्या आधीच्या आहेत, त्यामुळे हा मुद्दा कुणाच्याच बाजूने जात नाही. फक्त इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे अर्धी टाकी ठेवून गाडी महिनोन्महिने झाकून ठेवणं वाईट. चालवत राहा. चालवली की उंदीरही वायरिंगमध्ये घर करत नाहीत, आणि पार्किंगमधल्या गाड्यांचं खरं नुकसान आपल्याकडे इंजिनापेक्षा उंदरांनीच जास्त केलंय.

घेण्याआधी काय बघायचं ते सांगतो. कंप्युटर लावून ओव्हर रेव्हचा रिपोर्ट मागा, इंजिन मर्यादेबाहेर कितीदा आणि कधी गेलं ते त्यात नोंदलेलं असतं, ओडोमीटरवर खाडाखोड होऊ शकते पण इथे खोटं बोलणं अवघड. रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन कोपऱ्यांत असतात, तिथे पानं आणि धूळ साचते, टॉर्च मारून बघा. छपराच्या पाण्याच्या नळ्या तुंबल्यात का ते बघा, नाहीतर जुलैत कार्पेट पिळावं लागेल. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ही गाडी उघडणारा मेकॅनिक आधी शोधा, गाडी नंतर.

मी तुमच्या जागी असतो तर २०१३ ची. वहिनींना एवढंच सांगा की या गाडीला पुढे एक आणि मागे एक अशा दोन डिक्क्या आहेत, महाबळेश्वरला दोघांचं सामान आरामात जातं. मागची सीट नाहीये हे त्यांना आधीच कळलेलं दिसतंय.

प्रश्न : लंडनला राहतो. माझ्याकडे २०१६ ची माझदा एमएक्स-५ आहे, १.५ लिटर. ऑफिसमधला एकजण त्याची १९९४ ची पहिल्या पिढीची विकतोय, उघडझाप करणारे हेडलाइट असलेली. तीच गाडी, तीच आयडिया, मग दोन्हीत नक्की फरक काय? आपली विकून ती घेऊ का? (हॅरो, लंडन)

विकू नका. परवडत असेल तर दोन्ही ठेवा, नसेल तर आहे तीच ठेवा. आता कारण.

एमएक्स-५ ही फार थोड्या गाड्यांपैकी एक आहे जी म्हातारी होताना जाडी झाली नाही. पहिली १९८९ ला शिकागोच्या शोमध्ये आली, चौथी पिढी म्हणजे तुमची, आणि तुमची लांबीला पहिलीपेक्षा लहान आहे, ३९१५ मिलिमीटर, पहिली ३९७० ची होती. वजन दोन्हींचं हजार किलोच्या अवतीभवती. मधल्या पंचवीस वर्षांत बाकी जगातल्या गाड्या दीडपट झाल्या, एअरबॅग आल्या, कायदे आले, आणि या लोकांनी एकेक ग्रॅम मोजत ती परत हजारावर आणली. त्यामुळे जुनी हलकी आणि नवी जड हे नेहमीचं रडगाणं इथे चालत नाही.

मग फरक कुठे? स्टिअरिंगमध्ये. तुमच्या गाडीत इलेक्ट्रिक मोटर आहे, ९४ च्या गाडीत हायड्रॉलिक असेल किंवा पॉवर स्टिअरिंगच नसेल, आणि रस्त्यावरचा खडबडीतपणा, पुढच्या टायरची पकड सुटायला लागली हे सगळं हातात येतं. सीटवर बसलात की दारावर कोपर सहज टेकतं, काचा मोठ्या, खांब बारीक, चारही बाजूचं दिसतं. गियरचा दांडा दोन्हींचा सुंदर. गियरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल यांना जोडणारी अ‍ॅल्युमिनियमची लांब पट्टी पहिल्या गाडीपासून आहे, तिच्यामुळे सगळं एकसंध हलतं आणि गियर टाकताना तो कटकन बसल्याचा फील येतो.

बाकी जवळपास सगळं नवीत बरं आहे. ब्रेक, दिवे, हीटर, छप्पर एका हाताने बसल्या जागी मागे जातं. आणि अपघातात. तुमच्या गाडीला युरो एनकॅपच्या क्रॅश टेस्टचे चार स्टार आहेत, चार एअरबॅग आहेत, ९४ च्या गाडीत कदाचित ड्रायव्हरपुरती एक असेल किंवा तीही नसेल, आणि बाजूची एअरबॅग तर नाहीच. तिच्यात एम२५ वर, लंडनभोवतीच्या त्या हायवेवर, दोन ट्रकांच्या मध्ये बसून बघा, चाकांचे नट डोळ्यांच्या रेषेत येतात.

तुमच्या पत्त्याचीही भानगड आहे. ऑगस्ट २०२३ पासून यूलेझ, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांकडून रोजचे पैसे घेणारा झोन, सगळ्या लंडनभर झालं, हॅरो आत आलं. ९४ ची पेट्रोल गाडी त्या नियमात बसत नाही, म्हणजे ज्या दिवशी गाडी घराबाहेर काढाल त्या दिवशी १२.५० पाउंड. चाळीस वर्षं पूर्ण झाली आणि हिस्टॉरिक टॅक्स क्लासमध्ये नोंदली की हे सुटतं, पण ते २०३५ ला. तोपर्यंत रविवारी दूध आणायला गाडी काढली तरी बिल लागणार, आणि दूध आणायला गाडी काढता येणं हीच तर या गाडीची मजा आहे!

तरी मोह आवरत नसेल तर गंज बघा, बाकी काही बघू नका. इंजिन दणकट आहे, सुटे भाग मिळतात, क्लच बिच काय होईल ते होईल. पण छपराच्या मागच्या पाण्याच्या नळ्या तुंबल्या की पाणी दाराखालच्या पोकळ पट्टीत साचतं आणि पत्रा आतून कुजतो, बाहेरून रंग अगदी चकचकीत. दाराखाली आणि मागच्या चाकाच्या कमानीपुढे हात फिरवा, फुगवटा लागला तर हात काढून घ्या आणि पाकीटही. एमओटीचा, म्हणजे तिकडच्या वार्षिक तपासणीचा, इतिहास सरकारी साइटवर फुकट दिसतो, गाडीचा नंबर टाका आणि दरवर्षीच्या शेऱ्यांत गंजाचा उल्लेख कधी सुरू झाला ते वाचा. वेल्डिंग झालं असेल तर चांगलंच, फक्त फोटो मागा. आणि हो, ९४ ची १.८ आहे ना विचारा, कारण तिकडे ९५ पासून परत आलेली स्वस्तातली १.६ जेमतेम ९० हॉर्सपॉवरची होती, दिसायला अगदी तशीच.

प्रश्न : नव्या स्पोर्ट्स कारमध्ये इंजिनाचा आवाज स्पीकरमधून येतो असं ऐकलं. थट्टा आहे का? (नाशिक)

थट्टा नाही, खरं आहे. २०११ च्या बीएमडब्ल्यू एम५ मध्ये इंजिनाचा आवाज ऑडिओ सिस्टिममधून केबिनमध्ये सोडायला सुरुवात झाली, टोयोटाच्या जीआर८६ मध्येही तसं आहे. कारण असं की टर्बो स्वतःच एक्झॉस्टचा आवाज खातो, वर कायदे कडक, केबिन बंदिस्त, मग आत बसलेल्याला काहीच ऐकू येईना. काही कंपन्या स्पीकरऐवजी इंजिनाच्या हवेच्या मार्गातून एक नळी केबिनच्या भिंतीपर्यंत आणतात, तो आवाज खरा असतो, फक्त पाइपातून आणलेला. मला ते चालतं. स्पीकरचं नाही चालत, पण माझी पुतणी म्हणते काका तुम्ही गाणी पण स्पीकरवरच ऐकता ना, आणि याला माझ्याकडे उत्तर नाही.

प्रश्न : नोकरीनिमित्त स्टुटगार्टमध्ये आहे. इथे राहून पोर्शे ९११ घेतली नाही तर मित्र नाव ठेवतील. ऐंशीच्या दशकातली ३.२ कॅरेरा घ्यावी की पैसे साठवून आत्ताची ९९२? (स्टुटगार्ट, जर्मनी)

मित्रांसाठी घेणार असाल तर ९९२ घ्या, फोटोत नवीच दिसते.

स्वतःसाठी असेल तर आधी झुफेनहाउझेनच्या पोर्शे म्युझियममध्ये अर्धा दिवस घालवा, तुमच्या गावातच आहे. १९६३ ला फ्रँकफर्टला ही गाडी ९०१ नावाने आली होती, मधे शून्य असलेले तीन आकडी नंबर आमचे असं म्हणून प्यूजोने हरकत घेतली आणि ९११ झाली. तिथपासून १९९८ पर्यंत हवेने थंड होणारं इंजिन, मागच्या चाकांच्याही मागे लटकवलेलं. ३.२ कॅरेरा १९८४ ते ८९ ची, युरोपातली २३१ हॉर्सपॉवरची, वजन बाराशे किलोच्या आसपास. ९९२ ची आत्ताची साधी कॅरेरा ३९४ ची आणि दीड टनाची, तीही टर्बो लावून.

३.२ मध्ये पॉवर स्टिअरिंग नाही, एबीएस नाही, ट्रॅक्शन कंट्रोल हा शब्दच नाही. पेडल जमिनीतून उगवलेले, हीटर म्हणजे एक्झॉस्टच्या उष्णतेवर चालणारा लहरी प्रकार. पावसात वळणाच्या मध्येच घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की मागची बाजू पुढे यायला बघते, हे किस्से उगाच रंगवलेले नाहीत, सगळं वजन मागे आहे म्हटल्यावर ते होणारच. आत जाताना हळू, बाहेर पडताना पाय दाबून, एवढं एक शिकलात की तीच गाडी मागच्या चाकांवर बसून अशी काही निघते की ९९२ मध्ये तो अनुभव दीडशेच्या खाली मिळत नाही. ९९२ ला बोलतं करायला ऑटोबानवरचा बिनलिमिटचा पट्टाच लागतो, आणि तो तुमच्याकडे आहे हे खरं, पण तिथेही बांधकामाच्या पाट्या किती असतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

तिकडे जुनीला कायदा मदत करतो. तीस वर्षांवरच्या, मूळ स्थितीत ठेवलेल्या गाडीला एच नंबरप्लेट मिळते, वर्षाचा टॅक्स ठरावीक १९१ युरो ७३ सेंट आणि शहरांच्या पर्यावरण झोनमध्ये जायला मोकळीक. म्हणजे लंडनवाल्या आपल्या मित्राचं जे दुखणं आहे ते तुम्हाला नाही. पत्रा सत्तरीच्या मध्यापासूनच जस्त चढवलेला, त्यामुळे गंज कमी, अगदी नाहीच असं नाही. १९८७ पासून जी५० गियरबॉक्स आला, तो घ्या, आधीच्या गियरबॉक्सला थंडीत दुसरा गियर विनवणी करून टाकावा लागतो. ऑइल बघायचं ते इंजिन पूर्ण गरम, सपाट जागा आणि इंजिन चालू असताना, कारण ऑइल वेगळ्या टाकीत असतं. बंद थंड गाडीची काडी बघून ऑइल कमी वाटलं म्हणून वर ओतत बसतात लोक, मग धूर.

तिसरा रस्ता सांगतो, ३.२ नंतरची ९११, म्हणजे ९६४. १९८९ ते ९४. दिसायला जुनीच, आतून पॉवर स्टिअरिंग, एबीएस, सस्पेन्शनला टॉर्शन बारच्या जागी कॉइल स्प्रिंग, ३.६ लिटर आणि २५० हॉर्सपॉवर. रोज वापरता येईल अशी जुनी ९११ हवी असेल तर मी हिच्यावर बोट ठेवीन. तीही आता तिशी ओलांडलेली, म्हणजे एच प्लेटवाली.

प्रश्न : आमच्या काकांकडे सान स्टॉर्म पडून आहे, लाल, दोन सीटची. म्हापशात बरेच जण बघायला येतात. हिला स्पोर्ट्स कार म्हणायचं का आणि नीट करण्यात अर्थ आहे का? (म्हापसा, गोवा)

म्हणा हो, बिनधास्त म्हणा. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला, जेव्हा बाकी देश मारुती ८०० ची वेटिंग लिस्ट विसरायला शिकत होता, तेव्हा तुमच्या गोव्यात कुणीतरी उघड्या छपराची दोन सीटची गाडी बनवत होतं याचंच मला अजून नवल वाटतं. बॉडी फायबरची, इंजिन रेनोचं ११४९ सीसी, साठेक हॉर्सपॉवरचं. वेगाचं विचारू नका, आजची साधी हॅचबॅक हिला सिग्नलला मागे टाकेल. पण साठचा वेग हिच्यात शंभरसारखा वाटतो, आणि मिरामार ते दोना पावला एवढ्या रस्त्याला तेवढं पुष्कळ झालं.

फायबर गंजत नाही, म्हणून खाऱ्या हवेत वरून ती छान दिसणार, फसू नका. खालची चॅसी लोखंडाची आहे, लिफ्टवर घेऊन हातोडीने हलकं ठोकून बघा, आवाज बद्द आला तर तिथून सुरुवात. इंजिन रेनोच्या छोट्या गाड्यांचं असल्यामुळे त्याचे भाग बाहेरून मागवता येतात. काच, दिव्यांच्या चौकटी, छपराचं कापड या गोष्टी मात्र मिळणं अवघड, त्या आहेत तशा जपा, काढताना तोडू नका. फायबरचं काम बोटी दुरुस्त करणाऱ्याकडून करून घ्या, गोव्यात त्यांची काय कमी? पैसे वसूल होणार नाहीत. काकांना आधी विचारा, गाडी तुमची नाही त्यांची आहे.

प्रश्न : माझी जुनी कन्व्हर्टिबल वर्षातून मोजक्या वेळा निघते. टायरची नक्षी अगदी नव्यासारखी आहे, तरी मेकॅनिक बदला म्हणतो. लुटतोय का? (ठाणे)

नाही, बरोबर सांगतोय. टायरच्या बाजूला डीओटी लिहिलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१४ असेल तर २०१४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. रबर न वापरताही कडक होतं, उन्हात लवकर, आणि कडक रबर कोरड्या रस्त्यावर कळत नाही, पहिल्या पावसात कळतं. दहा वर्षं झाली असतील तर नक्षी कितीही खोल असो, काढून टाका. सहा वर्षांच्या पुढे दरवर्षी बाजूच्या भिंतीवर बारीक चिरा आल्यात का बघत जा. आणि चारही एकदम बदला, पुढे जुने मागे नवे असलं काही स्पोर्ट्स कारला करू नका. जुने टायर फेकू नका, पार्किंगमध्ये भिंतीला लावा, बंपर वाचतो.